बुडीत लाकडांभोवतीची क्रॅपी मासेमारी

उत्तर अमेरिकेतील तलाव व धरणांच्या जलाशयांत पाण्याखाली बुडालेली झाडे, खुंट, फांद्यांचे ढीग आणि धक्क्यांचे खांब यांच्या आसऱ्याने राहणारा क्रॅपी मासा गळाने पकडण्याची पद्धत. अमेरिकेच्या दक्षिण व मध्य भागात, विशेषतः टेनेसी, केंटकी, मिसिसिपी, अर्कान्सा, लुइझियाना आणि टेक्सास या राज्यांत, ती फार लोकप्रिय आहे. क्रॅपी महाराष्ट्रात आढळत नाही.

क्रॅपी हा सेंट्रार्किडी कुलातील पोमॉक्सिस प्रजातीचा मासा. तिच्या दोन जाती आहेत: पांढरा क्रॅपी (पोमॉक्सिस ॲन्युलॅरिस) आणि काळा क्रॅपी (पोमॉक्सिस नायग्रोमॅक्युलेटस). रंगावरून ओळखायला गेले तर फसगत होते, कारण विणीच्या काळात पांढऱ्या क्रॅपीचा नरही डोक्याकडे व छातीकडे काळवंडतो. खात्रीची खूण म्हणजे पाठीवरच्या पराचे काटे: पांढऱ्याला ५ ते ६, काळ्याला ७ ते ८. पांढरा गढूळ पाण्यात तग धरतो, तर काळ्याला स्वच्छ, पाणवनस्पती असलेले पाणी मानवते. सहसा गळाला लागतो तो पाव ते अर्धा किलोचा मासा. पांढऱ्या क्रॅपीचा जागतिक विक्रम २.३५ किलोंचा असून तो १९५७ साली मिसिसिपीतील ईनिड जलाशयावर नोंदला गेला. काळ्याचा २.४७ किलोंचा विक्रम २०१८ साली टेनेसीतील एका तळ्यावर झाला. मांस पांढरे व सौम्य चवीचे असते. मक्याच्या पिठात घोळवून तळलेले त्याचे तुकडे दक्षिणेकडे आवडीने खाल्ले जातात. लुइझियानात त्याला सॅक-अ-ले म्हणतात.

लाकडाशी त्याचे नाते अन्नाचे आणि आडोशाचे आहे. पाण्यात पडलेल्या फांदीवर काही आठवड्यांतच शेवाळाचा व सूक्ष्मजीवांचा बुळबुळीत थर चढतो. त्यावर कीटकांच्या अळ्या येतात, अळ्यांमागे चिल्लीपिल्ली मासळी येते आणि तिच्यामागे क्रॅपी. लहानपणी तो प्राणिप्लवकांवर वाढतो, मोठेपणी शॅडसारख्या माशांची पिल्ले खातो. शिवाय तो थव्याने राहतो. मोठ्या शिकारी माशांपासून आडोसा आणि दबा धरायला सावली, दोन्ही त्याला फांद्यांच्या जाळीत मिळतात. मात्र तलावातला प्रत्येक खुंट उपयोगाचा नसतो. जुन्या नदीपात्राची कड, ओढ्याचे वळण, तळ एकदम खोल होतो ती जागा, अशा ठिकाणी लाकूड असेल तरच तिथे मासा वर्षभर ये-जा करतो. सपाट चिखलातला एकटा ढीग बहुधा रिकामाच निघतो.

या मासेमारीचे सर्वांत नैसर्गिक क्षेत्र म्हणजे टेनेसीच्या वायव्य कोपऱ्यातील रीलफूट तलाव. १८११–१२च्या हिवाळ्यात न्यू मॅड्रिड परिसरात झालेल्या मोठ्या भूकंपांनी इथली जमीन खचली, तिच्यात पाणी शिरले आणि सायप्रस जातीच्या वृक्षांचे जंगल उभेच्या उभे बुडाले. तलाव उथळ आहे. दोनशे वर्षांनंतरही सायप्रसचे बुंधे पाण्याखाली टिकून आहेत. त्यांच्यावरून घसरत जाता यावे म्हणून तिथल्या कारागिरांनी ‘स्टंपजंपर’ नावाची सपाट तळाची लाकडी होडी घडवली. तिची वल्ही मध्ये बिजागरीने जोडलेली असतात, त्यामुळे वल्हवणाऱ्याला पुढे तोंड करून बसता येते आणि खुंट वेळीच दिसतो.

केंटकी लेकची गोष्ट उलट आहे. टेनेसी व्हॅली ऑथॉरिटी या सरकारी संस्थेने टेनेसी नदीवर बांधलेले केंटकी धरण १९४४ साली पुरे झाले. पाणी साठवण्याआधी बुडीत क्षेत्रातली झाडे तोडून टाकली होती. परिणामी जलाशय प्रचंड मोठा, पण तळ बराचसा उघडा. ती उणीव मच्छीमारांनी स्वतः भरून काढली. हिवाळ्यात पाण्याची पातळी सुमारे दीड मीटर उतरवली जाते. तेव्हा उघड्या पडलेल्या गाळात ते लाकडी पट्ट्या ओळीने उभ्या ठोकतात. वसंतात पाणी चढले की या ‘स्टेक बेड’भोवती क्रॅपी जमतो. जागा ठाऊक असणारा माणूस ती सहसा सांगत नाही.

इतरत्र फांद्यांचे ढीग बुडवण्याची पद्धत आहे. सीडर किंवा ओकच्या फांद्या सिमेंटच्या ठोकळ्याला बांधून सोडतात. बांबू बादलीतल्या काँक्रीटमध्ये उभे करूनही वापरतात. नाताळ संपल्यावर टाकून दिलेली झाडे गोळा करून तलावात बुडवण्याचे उपक्रम अनेक राज्ये राबवतात. केंटकीच्या वन्यजीव विभागाचा ‘ख्रिसमस फॉर फिशेस’ हा त्यांतलाच. अशी झाडे काही वर्षांत झडून जातात, त्यामुळे ढिगावर पुन्हा भर घालावी लागते. अमेरिकी लष्कराच्या अभियंता दलाच्या ताब्यातील जलाशयांत परवानगीशिवाय काहीही बुडवता येत नाही, आणि ते योग्यच आहे: उथळ पाण्यातला बेवारस ढीग होड्यांना धोकादायक ठरतो. ढीग टाकल्याने मासे वाढतात, असे अनेकजण मानतात. प्रत्यक्षात क्रॅपीची संख्या मुख्यतः त्या त्या वर्षीची वीण कितपत जगली यावर ठरते. एखाद्या वर्षी पिल्ले अफाट, तर पुढची दोन वर्षे नावालाच, असा प्रकार या माशात नेहमी दिसतो. ढिगामुळे मासे एकवटतात आणि पकडणे सोपे होते, एवढे मात्र नक्की.

पाणी साधारण १६ ते २० अंश सेल्सिअसला आले की मासा काठाच्या उथळ पाण्यात येतो. नर घरटे उकरतो, अंड्यांची राखण करतो आणि जवळ आलेल्या कशावरही तुटून पडतो. नवख्याला याच दिवसांत यश मिळते. उन्हाळ्यात तो खोल ढिगांकडे सरकतो, पण तळाच्या पाण्यात प्राणवायू कमी झालेला असतो म्हणून मधल्याच थरात तरंगत राहतो. हिवाळ्यात जुन्या नदीपात्राच्या कडेला दाट थवे बसतात.

पूर्वी यासाठी बांबूची लांब काठी आणि बूच एवढेच लागे. आज तीन-साडेतीन मीटरची हलकी काठी, बारीक दोरी आणि एक-दोन ग्रॅमचे जिग (शिशाच्या गोळीला जोडलेला पिसांचा किंवा रबरी आमिषाचा गळ) वापरतात, किंवा जिवंत छोटी मासोळी लावतात. गळ मुद्दाम पातळ तारेचा घेतात. फांदीत अडकला की दोरी सरळ ओढायची. गळ उघडतो, सुटून येतो, आणि चिमट्याने वाकवला की पुन्हा कामाला लागतो. काहीजण होडीच्या नाकाडावर पंख्यासारख्या आठ काठ्या लावून संथपणे पुढे सरकतात. या पद्धतीला ‘स्पायडर रिगिंग’ म्हणतात.

सगळे कसब खोलीत आहे. क्रॅपीची नजर वरच्या दिशेला असते. तो वर येऊन घास घेतो, खाली क्वचितच जातो. म्हणून आमिष थव्याच्या हातभर वर ठेवावे लागते. ते खाली गेले तर शंभर मासे असूनही दोरी हलत नाही. उचलताना मासा आमिषासह वर येतो, तेव्हा झटका बसत नाही, उलट दोरी एकाएकी सैल पडते. तो सैलपणा ओळखता आला की निम्मी मासेमारी आली. त्यानंतर हिसका मारायचा नसतो. तोंडाचा पडदा इतका नाजूक असतो की तो फाटून मासा सुटतो. ‘पेपरमाउथ’ हे टोपणनाव त्यावरूनच पडले.

२०१८ साली गार्मिन कंपनीचे ‘लाइव्हस्कोप’ हे ध्वनिलहरींनी पाण्याखालचे चित्र दाखवणारे यंत्र बाजारात आले आणि होडीसमोरच्या ढिगातला एकेक मासा पडद्यावर हलताना दिसू लागला. वर्षानुवर्षे जपलेल्या गुप्त जागा काही हंगामांत उघड झाल्या. या यंत्रांवर मर्यादा घालाव्यात का, यावर मच्छीमारांत तीव्र मतभेद आहेत.

खोल पाण्यातून भरकन वर काढलेल्या क्रॅपीचे वाताशय (पोटातली हवेची पिशवी) फुगते, आणि परत सोडलेला मासा बऱ्याचदा मरतो. टेक्सासने यावर सरळ उपाय केला आहे. तिथे एरवी २५ सेंटीमीटरांहून लहान क्रॅपी परत सोडावा लागतो आणि माणशी दिवसाला २५ मासे ठेवता येतात. लेक फोर्क या जलाशयावर मात्र १ डिसेंबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत आकाराची अट नाही: जो क्रॅपी गळाला लागेल तो ठेवायचाच, आणि २५ झाले की क्रॅपीची मासेमारी थांबवायची.