आज दिसलेला मुरूम आजचा नसतो

भाचीच्या साखरपुड्याला चार दिवस उरले होते. सकाळी आरशासमोर उभी राहून ती हनुवटीवरचा मुरूम दोन्ही नखांनी दाबत होती. पिवळा ठिपका फुटला, थोडं रक्त आलं आणि तिला वाटलं, सुटले एकदाची. दुपारी तिथे टम्म सूज आली. साखरपुडा झाला, सूजही उतरली, पण मागे राहिलेला तपकिरी डाग पुढे पाच महिने गेला नाही.

चेहऱ्यावरच्या प्रत्येक लवेच्या मुळाशी एक तेलग्रंथी असते. वयात येताना, मुलगा असो वा मुलगी, अँड्रोजेन संप्रेरकं वाढतात आणि या ग्रंथी जास्त तेल सोडतात. त्यात मृत पेशी चिकटून छिद्राच्या तोंडाशी बूच बसतं. आत साठलेल्या तेलावर त्वचेवरचेच जिवाणू वाढतात, शरीराची प्रतिकारयंत्रणा धावून येते आणि लाल, ठणकणारा मुरूम दिसू लागतो. ते बूच मात्र त्याआधी कित्येक आठवडे तयार होत असतं. म्हणून ‘काल वडे खाल्ले म्हणून आज आला’ हा हिशोब जुळत नाही. ब्लॅकहेडचा काळा रंगही मळाचा नसतो. त्यातल्या मेलॅनिन या रंगद्रव्यामुळे आणि हवेशी संपर्क आल्यामुळे तो काळा पडतो. घासून तो जात नाही, त्वचा मात्र सोलवटते.

मुरूम दाबला की पू बाहेर येतो तसा आतही फुटतो. लवेच्या मुळाभोवतीच्या नळीची भिंत फाटते, दाह खोलवर पसरतो. आपल्या सावळ्या-गव्हाळ त्वचेत दाह झाला की तिथे रंगद्रव्य जास्त तयार होतं, आणि डाग उरतो. घरच्या घरी करायचा पहिला उपचार म्हणजे हात लांब ठेवणं. मला हाच सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

दुसरा उपचार बेन्झॉइल पेरॉक्साइडचा. 2.5 टक्क्यांचं जेल पुरतं; 10 टक्क्यांच्या जेलने गुण साधारण तेवढाच येतो, आग मात्र जास्त होते. सौम्य फेसवॉशने तोंड धुऊन, कोरडं करून, वाटाण्याएवढं जेल मुरूम येतात त्या सगळ्या भागावर पातळ पसरायचं. नुसत्या ठिपक्यावर लावून भागत नाही, कारण पुढचे मुरूम शेजारीच आत तयार होत असतात. सुरुवातीला एक दिवसाआड लावावं. हे जेल कपड्यांचा रंग उडवतं. भाचीच्या निळ्या अभ्र्यावर पांढरे ठिपके पडले, तेव्हापासून ती पांढराच अभ्रा घालते. सहा ते आठ आठवडे धीर धरावा लागतो. सोबत हलकं मॉइश्चरायझर आणि दिवसा सनस्क्रीन हवं, नाहीतर डाग आणखी गडद होतात. कपाळावर मुरूम येत असतील तर केसांचं तेल तिथवर ओघळतंय का, तेही बघा.

लिंबू चोळू नका. त्वचेचा सामू (pH; जितका कमी, तितकी आम्लता जास्त) साधारण 5 असतो, लिंबाच्या रसाचा 2 च्या आसपास. त्यात रस लावून उन्हात गेलं की भाजल्यासारखे काळे चट्टे उठू शकतात. टूथपेस्टनेही आगच होते.

खरी भीती वाटते ती मेडिकलमधून कुणीतरी हातात ठेवलेल्या ‘तीन दिवसांत चेहरा साफ’वाल्या ट्यूबची. अशा ट्यूबवर बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन यांपैकी काही लिहिलं असेल तर ते स्टेरॉइड आहे. लाली झटकन उतरते, चेहरा उजळल्यासारखा वाटतो, आणि म्हणूनच माणूस ते लावत राहतो. पुढे त्वचा पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात, मुरूम दुपटीने येतात; बंद करावं तर चेहऱ्याची आग आग होते. 2018 साली केंद्र सरकारने अशी मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली, तरी ती सर्रास मिळतात. आधीच लावत असाल तर त्वचारोगतज्ज्ञांना विचारूनच थांबवा.

गाठीसारखे दुखणारे मुरूम, खड्डे पडणं, किंवा मुरमांसोबत पाळी अनियमित होऊन हनुवटीवर राठ केस येणं, यांवर घरी प्रयोग करत बसू नका. आणि दिवस गेलेले असतील किंवा तसा विचार असेल तर ते डॉक्टरांना आधी सांगा: मुरमांवरची आयसोट्रेटिनॉइनची गोळी पोटातल्या बाळात गंभीर व्यंग निर्माण करू शकते.