हार्ट अटॅकवर चालणारं घड्याळ

औषध कंपनीने निकाल लांबवला की शेअर बाजाराला लगेच दाल में काला दिसतो. २०२५ च्या सुरुवातीला नोव्हार्टिसने जाहीर केलं की पेलाकार्सेन या हृदयरोगावरच्या प्रायोगिक औषधाच्या मोठ्या चाचणीचा निकाल त्या वर्षी येणार नाही. कारण वाचून मी थबकलो. चाचणीतल्या रुग्णांना हार्ट अटॅक आणि पक्षाघात अपेक्षेपेक्षा सावकाश येत होते!

हे औषध 'लिपोप्रोटीन-ए' नावाच्या कणाविरुद्ध आहे. आपल्या ओळखीचा वाईट कोलेस्टेरॉलचा, म्हणजे एलडीएलचा कण घ्या आणि त्याला 'अपो-ए' नावाचं एक लांबलचक प्रथिन चिकटवा, की झाला हा कण तयार. रक्तात तो किती असणार हे बहुतांशी आईवडिलांकडून आलेलं जनुकच ठरवतं. साधारण पाचातल्या एका माणसात तो जास्त असतो. पथ्य, व्यायाम यांनी तो फारसा हलत नाही आणि कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या स्टॅटिनच्या गोळ्यांनीही उतरत नाही. मग व्हॉट्सॲपवरचा 'ब्लॉकेज विरघळवणारा' लसूण-आल्याचा काढा काय करणार? भाजीत घाला, चव येईल.

पेलाकार्सेनची युक्ती मात्र मला भलतीच आवडते. अपो-ए फक्त यकृतात बनतं. पेशीतलं जनुक आधी एक आरएनए प्रत काढतं आणि त्या प्रतीवरून प्रथिन विणलं जातं. पेलाकार्सेन म्हणजे त्या प्रतीच्या एका तुकड्याला बरोबर जुळणारा, माणसाने बनवलेला डीएनएचा छोटा धागा. तो प्रतीला चिकटला की डीएनए-आरएनएची मिश्र जोडी तयार होते. अशी जोडी दिसली की आरएनएची बाजू कापायची, हे काम करणारं आरनेझ-एच हे विकर (एन्झाइम) आपल्या पेशीत मुळातच असतं. प्रत तुटते, प्रथिन बनत नाही. औषधाचा धागा मात्र शाबूत सुटतो आणि पुढच्या प्रतीला जाऊन चिकटतो. धाग्याच्या दोन्ही टोकांची शर्करा रासायनिक बदल करून मजबूत केलेली असते, त्यामुळे तो स्वतः लवकर कुरतडला जात नाही. शिवाय त्याला गॅलॅक्टोसमीन जातीच्या तीन शर्करा जोडलेल्या असतात. यकृतपेशींच्या पृष्ठभागावरचे ग्राहक रेणू नेमक्या याच शर्करा पकडून आत ओढतात. पत्ता लिहिलेलं टपालच हे! म्हणून महिन्याला एक इंजेक्शन पुरतं.

रक्तातल्या या कणाचा आकडा उतरतो हे आधीच्या, लहान चाचणीत दिसलं आहे. सर्वांत जास्त मात्रेला सुमारे ८० टक्के. पण आकडा उतरणं आणि अटॅक टळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फायझरच्या टॉरसेट्रापिब या औषधाने चांगलं कोलेस्टेरॉल ७० टक्क्यांहून जास्त वाढवलं होतं. डिसेंबर २००६ मध्ये चाचणी थांबवावी लागली तेव्हा औषध घेणाऱ्यांत ८२ मृत्यू झाले होते, न घेणाऱ्यांत ५१. पुढच्याच सोमवारी फायझरचा शेअर सुमारे १० टक्क्यांनी कोसळला.

म्हणून पेलाकार्सेनच्या चाचणीत ८,३२३ रुग्ण आहेत आणि तिचं घड्याळ तारखेवर नाही, घटनांवर चालतं. हार्ट अटॅक, पक्षाघात, हृदयविकाराने मृत्यू अशा घटनांची ठरलेली संख्या भरल्याशिवाय फायदा खरा की योगायोग, हे संख्याशास्त्र सांगूच शकत नाही. कोणाला औषध आणि कोणाला नकली इंजेक्शन, हे गुपित असतं. कंपनीला दिसते ती दोन्ही गटांची मिळून बेरीज. ती सावकाश वाढली याचा अर्थ औषध काम करतंय असा होऊ शकतो, किंवा आजकाल बहुतेक रुग्ण स्टॅटिनवर असल्यामुळे मुळातच अटॅक कमी झाले असाही. बेरजेवरून हा फरक कळत नाही. 'उशीर झाला म्हणजे शुभसंकेत, घेऊन ठेवा' असं सांगणारे टिप्सवाले या बाबतीत ज्योतिषाच्याच पंगतीतले.

ॲमजेनचं ऑल्पासिरान आणि एली लिलीचं लेपोडिसिरान ही औषधंसुद्धा अपो-एची आरएनए प्रतच कापतात, फक्त दुसऱ्या यंत्रणेने. अपो-ए कमी करून हृदय वाचतं का, हा प्रश्न तिघांचाही एकच. त्यामुळे नोव्हार्टिसच्या निकालाकडे त्या दोन कंपन्यांचे भागधारकही डोळे लावून आहेत.