मुंबईचं घर आणि चटईचं गणित

2012 च्या आधी चार-पाच वर्षांत बांधलेल्या मुंबईतल्या एखाद्या फ्लॅटमध्ये गेलात, तर बेडरूमच्या खिडकीखालची लादी जरा निरखून पाहा. पुष्कळदा तिथे हात-दीड हात रुंदीचा पट्टा सापडेल. त्याचा सांधा वेगळा असतो, कधी फरशी बोटभर वर आलेली असते. पालिकेच्या मंजूर नकाशावर हा पट्टा 'फ्लॉवर बेड' आहे. त्यात कधी तुळससुद्धा रुजली नाही. तेव्हा फ्लॉवर बेड एफएसआयमध्ये, म्हणजे प्लॉटवर किती बांधता येईल याच्या मर्यादेत, मोजत नसत, म्हणून बिल्डर तो मोकळेपणी नकाशात दाखवायचा, मग भिंत बाहेर सरकवून खोलीत घ्यायचा आणि फ्लॅटच्याच दराने विकायचा. जानेवारी 2012 मध्ये ही पळवाट बुजवली गेली. तिच्याऐवजी प्रीमियम, म्हणजे सरकारी शुल्क, भरून 35 टक्के जादा 'फंजिबल' (हवा तसा वापरता येणारा) एफएसआय मिळू लागला. म्हणजे जे चोरून चालायचं, ते पावती फाडून चालू लागलं.

एफएसआय, मराठीत चटई क्षेत्र निर्देशांक, म्हणजे प्लॉटच्या किती पट मजले-क्षेत्र बांधता येईल याचा आकडा. 1000 चौरस मीटरचा प्लॉट आणि 1.33 एफएसआय असेल, तर सगळे मजले मिळून 1330 चौरस मीटर. ते चार मजल्यांत बसवा किंवा दहा, बेरीज तीच. 1991 च्या नियमावलीत शहर विभागाला मूळ एफएसआय 1.33 होता, उपनगरांना 1. अंथरूण पाहून पाय पसरावेत हे खरं, पण मुंबईत अंथरुणाची लांबी नियमावली ठरवते.

आता हाच प्लॉट 10 कोटींना घेतला असं धरा. 1330 ने भागलं तर एक वीट रचायच्या आधीच प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे 75 हजार रुपये जमिनीचे बसले. 30 चौरस मीटरच्या वनरूम-किचनवर झाले साडेबावीस लाख. एफएसआय दुप्पट केला की हा बोजा निम्मा व्हायला हवा.

हवा, पण होईलच असं नाही. जागेचा मालकही हाच हिशेब मांडतो. या प्लॉटवर दुप्पट बांधता येणार हे कळताच तो 10 कोटींचे 18 सांगतो. जादा एफएसआय मोजक्याच प्लॉटना मिळतो, तेव्हा त्याचा बराचसा फायदा जमिनीच्या भावात जिरतो. तो शहरभर मिळाला, तर मालकांना एकमेकांशी स्पर्धा करावी लागते आणि भाव तेवढा ताणता येत नाही. न्यूझीलंडमधल्या ऑकलंडने 2016 मध्ये सुमारे तीन-चतुर्थांश निवासी जमिनीवर एका घराच्या जागी अनेक घरं बांधायची मुभा एकदमच दिली. बांधकाम परवाने झपाट्याने वाढले. ही मुभा नसती तर आज भाडी आहेत त्याहून चढी असती, असा तिथल्या अर्थतज्ज्ञांचा अंदाज आहे.

मुंबईत एफएसआय कमी ठेवण्यामागे गर्दी आवरायचा हेतू होता. मजले कमी तर माणसं कमी! माणसांनी हे गणित काही ऐकलं नाही. ती येतच राहिली आणि दहा बाय बाराच्या खोलीत, मोरीच्या कट्ट्यापासून पोटमाळ्यापर्यंत, मावत राहिली. 2011 च्या जनगणनेत मुंबईतले 40 टक्क्यांहून अधिक लोक झोपडपट्टीत राहत होते. एफएसआय माणसं मोजत नाही, तो फक्त मजले मोजतो. 1330 चौरस मीटरमध्ये 30 मीटरची 44 घरं बसतात किंवा 110 मीटरची 12. नियमाला दोन्ही चालतात, बिल्डरला सहसा दुसरं परवडतं. त्यात अनेक जुन्या चाळींनी मुळातच 1.33 पेक्षा जास्त जागा व्यापलेली. नुसत्या मूळ नियमाने त्या पुन्हा बांधल्या तर आहेत तेच भाडेकरू मावणार नाहीत, विकायला तर काहीच उरणार नाही. म्हणून उपकरप्राप्त, म्हणजे ज्यांच्याकडून दुरुस्तीसाठी उपकर घेतला जातो अशा जुन्या इमारतींना वेगळा, वाढीव एफएसआय द्यावा लागला.

वाढीव एफएसआयला विरोध करणारे पाणी, गटारं आणि लोकलकडे बोट दाखवतात. मुद्दा खरा आहे, पण झोपडीतला माणूसही त्याच लोकलने जातो.

माझी खरी तक्रार वेगळीच आहे. 2018 च्या नियमावलीने मर्यादा वाढवली: शहरात रुंद रस्त्याला लागून 3 पर्यंत, उपनगरात 2.5 पर्यंत. मात्र मूळ हक्क 1.33 आणि 1 वरच राहिला. वरचा भाग सरकारला प्रीमियम भरून किंवा बाजारातून टीडीआर, म्हणजे दुसऱ्या जागेचा हस्तांतरित होणारा बांधकाम हक्क, विकत घेऊन मिळवायचा. मुभा दिली नाही, दुकान मांडलं. त्या दुकानाची उलाढाल किती, हे जानेवारी 2021 नंतर दिसलं. राज्य सरकारने डिसेंबरअखेरपर्यंत प्रीमियमवर 50 टक्के सवलत जाहीर केली आणि ग्राहकाचं मुद्रांक शुल्क बिल्डरने भरायचं अशी अट घातली. वर्ष संपता संपता प्रीमियम भरायला बिल्डरांची एकच झुंबड उडाली, आणि दर निम्मा असूनही पालिकेच्या तिजोरीत अंदाजाच्या कितीतरी पट रक्कम जमा झाली.