बेरोजगारी दर आणि रोजगाराचे प्रमाण

अमेरिकेत बेरोजगारी दर घटल्याची बातमी आली की तितक्या लोकांना काम मिळाले, असाच अर्थ बहुतेक वाचक लावतात. तो पुष्कळदा बरोबरही असतो. परंतु किती लोकांच्या हाताला काम आहे हे सांगणारा आकडा वेगळा आहे. त्याला रोजगाराचे लोकसंख्येशी असलेले प्रमाण म्हणतात, आणि तो त्याच दिवशी, त्याच सर्वेक्षणातून प्रसिद्ध होऊनही मथळ्यात क्वचितच येतो.

हे सर्वेक्षण तेथील जनगणना कार्यालय दर महिन्याला सुमारे ६० हजार कुटुंबांमध्ये करते आणि ब्युरो ऑफ लेबर स्टॅटिस्टिक्स ही श्रमविषयक आकडेवारीची सरकारी संस्था त्याचे निष्कर्ष जाहीर करते. ठरलेल्या आठवड्यात मोबदल्यासाठी एक तास जरी काम केले असले तरी ती व्यक्ती रोजगारात धरली जाते. जिला काम नाही, जी काम करण्यास उपलब्ध आहे आणि जिने मागील चार आठवड्यांत काम शोधण्याचा प्रत्यक्ष प्रयत्न केला आहे, ती बेरोजगार ठरते. तात्पुरते कामावरून कमी केलेल्यांना मात्र शोधाची ही अट लागू नसते. रोजगारातील आणि बेरोजगार मिळून श्रमशक्ती बनते. जे या दोन्हींत बसत नाहीत, म्हणजे विद्यार्थी, निवृत्त, घर सांभाळणारे आणि शोधून थकलेले, ते सारे श्रमशक्तीबाहेर मोजले जातात.

बेरोजगारी दर काढताना बेरोजगारांच्या संख्येला श्रमशक्तीने भागतात. रोजगाराच्या प्रमाणात मात्र रोजगारातील लोकांच्या संख्येला १६ वर्षे व त्यावरील लोकसंख्येने भागतात, त्यातून लष्करात असलेले आणि तुरुंगासारख्या संस्थांमध्ये राहणारे वगळून. गोंधळाचे मूळ या छेदांमध्ये आहे. समजा, १०० प्रौढांपैकी ६० जण कामावर आहेत, ६ जण काम शोधत आहेत आणि ३४ जण श्रमशक्तीबाहेर आहेत. अशा वेळी बेरोजगारी दर ९.१ टक्के येतो. आता शोधणाऱ्यांपैकी तिघांनी निराश होऊन प्रयत्न सोडले, तर दर ४.८ टक्क्यांवर उतरतो, आणि तोही कोणालाही नवे काम न मिळता. रोजगाराचे प्रमाण आधीही ६० टक्के होते, नंतरही ६० टक्केच राहते. याउलट, परिस्थिती सुधारू लागल्याचे पाहून बाहेरचे लोक पुन्हा काम शोधू लागले की दर वाढतो, आणि वाचकांना ती वाईट बातमी वाटते.

हे केवळ कागदावरचे गणित नाही. ऑक्टोबर २००९ मध्ये अमेरिकेचा बेरोजगारी दर १० टक्के होता आणि डिसेंबर २०१३ मध्ये तो ६.७ टक्क्यांवर आला. या संपूर्ण काळात रोजगाराचे प्रमाण ५८ ते ५९ टक्क्यांच्या पट्ट्यातच अडकून पडले होते. नोकऱ्या वाढत होत्या, हे खरे. पण लोकसंख्याही जवळपास त्याच वेगाने वाढत होती. २०१० मध्ये बेरोजगारांपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक लोक सहा महिने किंवा त्याहून जास्त काळ कामाविना होते. त्यांच्यापैकी ज्यांनी शेवटी शोध थांबवला, त्यांच्यामुळेही दर खाली आला, ही बाब मला फार अस्वस्थ करते. ज्यांची अवस्था सर्वांत बिकट, तेच मोजणीतून आधी गळतात.

तरीही रोजगाराच्या प्रमाणावर डोळे झाकून विसंबता येत नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर जन्मलेल्या मोठ्या पिढीतील पहिले लोक २०११ मध्ये ६५ वर्षांचे झाले, आणि ते निवृत्त होऊ लागल्यावर कोणाचीही नोकरी न जाता हे प्रमाण घसरू लागते. म्हणून अभ्यासक २५ ते ५४ या वयोगटाचे प्रमाण वेगळे पाहतात, कारण त्यात शिक्षण आणि निवृत्ती यांचा प्रभाव बराच कमी असतो. माझ्या मते एकच आकडा निवडायचा झाला तर तो हाच असावा. २००७ च्या सुरुवातीला तो ८० टक्क्यांच्या थोडा वर होता. २०१३ च्या अखेरीस मात्र ७६ टक्क्यांच्या आसपासच होता. म्हणजे निवृत्तीचा मुद्दा बाजूला ठेवला तरी मोठी तूट शिल्लक होती.

धोरण आखणाऱ्यांनाही या फरकाशी झगडावे लागले. बेरोजगारी दर ६.५ टक्क्यांच्या वर असेपर्यंत आणि महागाईचा अंदाज आटोक्यात असेपर्यंत व्याजदर शून्याजवळ ठेवू, असे फेडरल रिझर्व्ह या अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने डिसेंबर २०१२ मध्ये जाहीर केले होते. दर अपेक्षेपेक्षा लवकर त्या उंबरठ्याजवळ पोहोचला, तेव्हा मार्च २०१४ मध्ये तिने ही अट काढून टाकली आणि श्रमबाजाराच्या अनेक निर्देशकांचा एकत्रित विचार करू, असे सांगितले. व्याजदरातील पहिली वाढ डिसेंबर २०१५ मध्ये झाली. तोपर्यंत बेरोजगारी दर ५ टक्क्यांवर आला होता. २५ ते ५४ वयोगटातील रोजगाराचे प्रमाण मात्र २००७ च्या पातळीपेक्षा अजूनही सुमारे तीन टक्केबिंदूंनी कमी होते.