डिकल लावण्यापूर्वी वाचा: मॅट रंगावर थेट डिकल नको

आमच्याकडून मॉडेल विमानाचं किट किंवा भारतीय हवाई दलाच्या खुणांचं डिकल शीट (डिकल म्हणजे पाण्यात भिजवून मॉडेलवर सरकवायची छापील खूण) नेणाऱ्या प्रत्येकासाठी हे पत्रक आहे. मॉडेल क्लबचं प्रदर्शन जवळ आलं की एकच तक्रार वारंवार येते: "शीट खराब निघालं, डिकलच्या कडेनं चंदेरी दिसतंय, बदलून द्या." बहुतेक वेळा शीट चांगलंच असतं. डिकल मॅट रंगावर थेट लावलेलं असतं, एवढंच.

ओझरच्या एचएएलमध्ये (हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात) मिग-२१ पासून सुखोई-३० एमकेआयपर्यंतची विमानं तयार झाली, त्यामुळे नाशिककरांची पहिली मागणी याच दोघांची असते. नेमकं इथेच चंदेरी पडण्याचं प्रमाण जास्त. सुखोईचा राखाडी आणि मिगचा हिरवा-तपकिरी कॅमोफ्लाज हे दोन्ही मॅट रंग, वर बारीक स्टेन्सिल (विमानावरची छोटी सूचनांची अक्षरं) भरपूर, आणि प्रत्येक स्टेन्सिलभोवती पारदर्शक फिल्मची कड.

मॅट रंग बोटाला गुळगुळीत लागला तरी भिंगाखाली पॉलिश पेपरसारखा खडबडीत असतो. डिकलची फिल्म त्याच्या उंचवट्यांवर टेकते आणि मधल्या खळग्यांत हवा अडकते. त्या हवेवरून प्रकाश परावर्तित होतो, तोच चंदेरी डाग. ओलं असताना हवेच्या जागी पाणी असतं, म्हणून लावताना सगळं छान दिसतं आणि सकाळी वाळल्यावर दोष उघडा पडतो. फिल्मखालचा पृष्ठभाग चकचकीत हवा, त्याला दुसरा उपाय नाही.

टामिया कंपनीचे एक्सएफ क्रमांकाचे सगळे रंग मॅट असतात. त्यांच्यावर एक्स-२२ हा पारदर्शक ग्लॉस द्या. एअरब्रश असेल तर एक्स-२२ आणि एक्स-२०ए थिनर समप्रमाणात, दाब १५ ते २० पीएसआय, दोन-तीन पातळ हात. ब्रशनं एक्स-२२ लावू नका. त्याचं द्रावक खालचा अ‍ॅक्रिलिक रंग पुन्हा विरघळवतं आणि दुसऱ्या फटकाऱ्यात रंग उचलला जातो. ब्रशच वापरायचा असेल तर व्हॅलेहोचा पाण्यावरचा ग्लॉस वॉर्निश घ्या. टामियाचा टीएस-१३ हा पारदर्शक लॅकर स्प्रे डिकलखाली चालतो, पण पहिला हात अगदी हलका, २० ते २५ सेंटीमीटरवरून. डिकलच्या वर तो जाड बसला तर डिकल सुरकुततं, म्हणून वरच्या हातासाठी आम्ही तो सुचवत नाही.

मग किमान २४ तास थांबा, जून ते सप्टेंबरमध्ये ४८. नाकाजवळ धरल्यावर द्रावकाचा वास येत असेल तर अजून वाळलेलं नाही. पंख ट्यूबलाइटखाली तिरका धरा. ट्यूबच्या प्रतिबिंबाची कड स्पष्ट दिसली तर डिकल लावायला हरकत नाही, धूसर दिसली तर आणखी एक हात द्या. पावसाची झड लागलेली असताना लॅकर ग्लॉस मारूच नका. द्रावक उडताना पृष्ठभाग गार पडतो, त्यावर हवेतली वाफ बसते आणि ग्लॉस दुधाळ होतो. तसं झालंच तर कोरड्या दिवशी लेव्हलिंग थिनरचा हलका फवारा मारल्यावर बहुधा तो पुन्हा पारदर्शक होतो.

डिकल लावणं तसं सोपं. फिल्मची जादा कड कापा, कोमट पाण्यात १०–१५ सेकंद बुडवा, मग टिश्यूवर मिनिटभर ठेवा. पाणी फिल्टरचं घ्या, बोअरच्या पाण्यानं पांढरे डाग राहतात. विमानावर मार्क सेटरचा (डिकल नीट चिकटवणाऱ्या द्रावणाचा) थेंब टाका, त्यावर डिकल सरकवा आणि ओल्या ब्रशनं मधून कडेकडे पाणी काढा. पॅनेल लाइनवर (पत्र्यांच्या जोडाच्या कोरलेल्या रेघेवर) किंवा उंचवट्यावर बसवायचं असेल तर वरून मार्क सॉफ्टर, म्हणजे डिकल मऊ करणारं द्रावण, लावा. सॉफ्टर लावल्यावर डिकल सुरकुततं आणि ग्राहक घाबरून बोट लावतात. तिथेच ते फाटतं. हात लावू नका, वाळताना ते आपोआप सपाट होतं. सॉफ्टर प्रत्येक कंपनीच्या डिकलला सारखा मानवत नाही, म्हणून शीटमध्ये न वापरायच्या विमानाच्या ज्या खुणा असतात त्यांतल्या एकीवर आधी करून बघा.

दुसऱ्या दिवशी ओल्या कापडानं गोंदाचे डाग पुसा, पातळ ग्लॉस द्या, मग पॅनेल लाइनचं वॉश (रेघांत सोडायचा पातळ गडद रंग), आणि सगळ्यात शेवटी मॅट क्लिअर. "चकचकीत विमान खोटं दिसेल" ही भीती याच शेवटच्या हातानं जाते.

आधीच चंदेरी पडलं असेल तर डिकल ओरबाडून काढू नका. बारीक सुईनं डागावर टोचे मारा, सॉफ्टर सोडा, वाळू द्या, आणि गरज पडली तर पुन्हा तेच. छोटा डाग निघतो. मोठ्या गोल खुणेखालची हवा पूर्ण निघेलच असं नाही. प्रदर्शनात परीक्षक मॉडेल टॉर्चच्या तिरक्या उजेडात पाहतात, तेव्हा जोडाची रेघ आणि चंदेरी डिकल हे दोनच दोष आधी नजरेत येतात.

किट घेताना आम्ही "ग्लॉस आहे का घरी?" असं विचारतो, तेव्हा काहींना वाटतं माल खपवतोय. एक्स-२२ ची १० मिलीची बाटली १/७२ मापाच्या एकाहून जास्त विमानांना पुरते, आणि खराब झालेल्या शीटपेक्षा स्वस्तच पडते. घरी असेल तर नवी घेऊ नका. पाण्यात गेलेलं किंवा कापलेलं शीट मात्र आम्ही बदलून देत नाही. किट कंपन्या सुटं शीट आम्हाला देत नाहीत आणि वेगळी शीटं परदेशातून मागवावी लागतात, ती प्रदर्शनाच्या आठवड्यात हाती येणं शक्य नसतं.

आणखी एक, कारण हीही चूक नेहमी होते. एमकेआय करायचं असेल तर सुखोई-३० एमकेकेचं किट नेऊ नका. त्याला पुढचे छोटे पंख, म्हणजे कॅनार्ड, नसतात. सुखोई-३० एसएमचं किट एमकेआयला बरंच जवळचं आहे. खोका घेण्याआधी विचारा, फरक दाखवून देऊ.

एअरब्रश नसेल तर रंगवलेलं मॉडेल दुकानात आणा, माफक शुल्कात ग्लॉसचा हात मारून देतो. रंग पूर्ण वाळलेला हवा, कॅनॉपी (कॉकपिटवरची काच) टेपनं झाकलेली हवी, आणि प्रदर्शनाच्या किमान आठ दिवस आधी आणा. शेवटच्या दोन दिवसांत आलेलं काम आम्ही घेत नाही, ग्लॉस वाळायला वेळच उरत नाही.