आयआरसी लायब्ररीतील युनिकोड हाताळणी

आयआरसी म्हणजे इंटरनेट रिले चॅट. मजकुरातून गप्पा मारण्याच्या या प्रणालीसाठी क्लायंट (वापरणाऱ्याचा गप्पांचा प्रोग्राम) किंवा बॉट (आपोआप काम करणारा प्रोग्राम) लिहिणारे सहसा तयार प्रोग्रामिंग लायब्ररी, म्हणजे आयता कोड, वापरतात. सर्व्हरकडून आलेल्या बाइट्सचा वाचता येईल असा मजकूर करणे आणि पाठवायच्या मजकुराचे पुन्हा बाइट्स करणे हे त्या लायब्ररीचे काम. हे बाइट्स कोणत्या एन्कोडिंगमध्ये, म्हणजे अक्षरे बाइट्समध्ये मांडण्याच्या कोणत्या पद्धतीत, आहेत हे मूळ प्रोटोकॉल (संवादाचे नियम) सांगतच नाही. त्यामुळे तो निर्णय लायब्ररीला प्रत्येक ओळीपाशी घ्यावा लागतो.

यार्को ओइकारिनेन यांनी ऑगस्ट १९८८ मध्ये फिनलंडमधील औलू विद्यापीठात आयआरसी सुरू केले. मे १९९३ मध्ये आरएफसी १४५९ या दस्तऐवजात त्याचे नियम नोंदले गेले. केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांचे यूटीएफ-८, म्हणजे जगभरच्या लिप्यांना क्रमांक देणाऱ्या युनिकोडचे एक एन्कोडिंग, सप्टेंबर १९९२ मधले, म्हणजे त्या वेळी अगदी नवे होते. नियमांवर फिनिश संगणकांची छाप मात्र स्पष्ट दिसते. तिथल्या सात-बिटी संचात चौकटी व महिरपी कंसांच्या जागी स्वीडिश-फिनिश अक्षरे असत. म्हणून आयआरसीत महिरपी कंस हे चौकटी कंसांचे लहान रूप मानले जाते. टोपणनावांची तुलना भाषेतल्या नेहमीच्या लहान-मोठ्या अक्षरांच्या फंक्शनने केली, तर इथे चूक होते.

संदेश ओळी-ओळीने येतात आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी १३ व १० हे दोन बाइट्स असतात. यूटीएफ-८ मध्ये अनेक बाइट्सच्या चिन्हात १२८ पेक्षा लहान बाइट कधीच येत नाही, त्यामुळे ओळ कुठे संपली हे निर्धास्तपणे शोधता येते. यूटीएफ-१६ या युनिकोडच्याच दुसऱ्या एन्कोडिंगमध्ये ही सोय नाही. त्यात ‘ऊ’चे बाइट्स ९ आणि १० होतात. ‘ऊस’ लिहिले की सर्व्हरला पहिल्याच अक्षरात ओळीचा शेवट दिसेल.

नवख्या लायब्ररीत हमखास सापडणारी चूक सॉकेटपाशी, म्हणजे नेटवर्कवरून बाइट्स वाचले जातात तिथे, होते. टीसीपी जोडणीवरून मजकूर वाटेल तिथे तुटून येतो. ‘म’चे तीन बाइट्स २२४, १६४, १७४ असे आहेत. त्यातले दोन एका तुकड्यात आणि तिसरा पुढच्या तुकड्यात आला, आणि प्रत्येक तुकडा आल्या आल्या डिकोड केला, म्हणजे मजकुरात बदलला, तर ‘म’ गेलाच. बाइट्स साठवत राहावेत, पूर्ण ओळ हाती आली की मगच डिकोड करावे. याला दुसरा सोपा उपाय नाही.

ओळ यूटीएफ-८ मध्ये नसेल तर? पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेतील ‘आयआरसी’ नावाची लायब्ररी मुळात यूटीएफ-८ धरून चालते आणि वेगळे बाइट्स आले की अपवाद फेकते, म्हणजे चूक झाल्याचे सांगून काम थांबवते. गप्पांच्या जुन्या वाहिनीवर (चॅनेलवर) एकाच माणसाच्या एका ओळीने अख्खा बॉट बंद पडू शकतो. त्यासाठी तिच्यात एक सहनशील बफरही (बाइट्स साठवून वाचणारा भाग) दिला आहे. तो आधी यूटीएफ-८ करून पाहतो, जमले नाही तर लॅटिन-१ हे पश्चिम युरोपीय भाषांचे जुने एन्कोडिंग धरतो. पर्ल भाषेतील आयआरसी-यूटिल्स ही लायब्ररी हाच क्रम ठेवते, फक्त दुसरा पर्याय लॅटिन-१ सारखेच विंडोज-१२५२ असतो. हा क्रम योग्यच आहे, कारण यूटीएफ-८ ची बांधणी इतकी काटेकोर आहे की लॅटिन-१ मधला मजकूर चुकून त्यात बसण्याची शक्यता फार कमी. उलट दिशेने तपासता येत नाही, लॅटिन-१ कोणतेही बाइट्स बिनतक्रार स्वीकारते.

जुन्या मराठी फॉन्टांत टंकलेला मजकूर या चाळणीतून सुटतो. त्यातले रोमन बाइट्स पूर्णपणे वैध असतात, देवनागरी दिसते ती फक्त फॉन्टमुळे.

लांबीची मर्यादा देवनागरीला फार जाचते. एक संदेश, शेवटचे दोन बाइट्स धरून, ५१२ बाइट्सचा. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट्स घेते. ‘मराठी’ पंधरा बाइट्सचा आणि ‘क्षि’ एकटा बारा बाइट्सचा, कारण त्यात क, हलन्त, ष आणि वेलांटी अशी चार चिन्हे आहेत. ५१० बाइट्समध्ये जेमतेम १७० चिन्हे मावतील, आणि त्यातूनही आज्ञा व वाहिनीचे नाव वजा होते. शिवाय संदेश पुढे देताना सर्व्हर पाठवणाऱ्याचे टोपणनाव आणि पत्ता सुरुवातीला जोडतो. त्याची जागा आधीच सोडली नाही, तर शेपूट कापले जाते.

कापलेल्या शेपटाचा परिणाम घेणाऱ्याकडे दिसतो. शेवटच्या ‘म’चा एक बाइट गळाला की सगळी ओळ यूटीएफ-८ म्हणून अवैध ठरते. सहनशील लायब्ररी मग पूर्ण ओळ विंडोज-१२५२ समजून वाचते. एका अक्षरापायी दीडशे अक्षरांचा चिखल होतो. शेवटचा अर्धवट तुकडा बाजूला ठेवून उरलेली ओळ पुन्हा तपासणे, एवढी काळजी लायब्ररीने घ्यायलाच हवी. पाठवताना लांबी बाइट्समध्ये मोजावी, पण तोडावे शब्दाच्या सीमेवर, निदान पूर्ण अक्षराच्या. वेलांटी पुढच्या ओळीत गेली तर ती ठिपक्यांच्या वर्तुळावर लटकते.

मराठी शब्द ओळखणाऱ्या बॉटपुढे आणखी एक अडचण असते. ‘दऱ्या’मधला ऱ एका चिन्हाने लिहिता येतो किंवा र आणि नुक्ता मिळून. एनएफसी सामान्यीकरण, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी रूपे एकसारखी करण्याची युनिकोडची रीत, वापरली की दोन्ही एक होतात. ‘ॲप’चे तसे नाही. ॲ हे स्वतंत्र चिन्ह युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ आवृत्तीत आले. अ-वर चंद्र देऊन लिहिलेले रूप दिसायला सारखे असले, तरी सामान्यीकरणानंतरही ते वेगळेच राहते. तिथे लायब्ररी वापरणाऱ्याला स्वतःची सारणी ठेवावी लागते.