हॅरीच्या खांद्यावरून दिसलेलं जग

इटलीत पाचवीच्या ३४ मुलांवर केलेला एक छोटा प्रयोग मला फार जवळचा वाटतो. लोरिस वेझ्झाली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या मुलांचे गट केले आणि सहा आठवडे त्यांच्याबरोबर हॅरी पॉटरमधले उतारे वाचले. काही गटांच्या वाट्याला भेदभावाचे प्रसंग आले. उदाहरणार्थ, हॅरीचा शाळेतला वैरी मॅल्फॉय त्याच्या मैत्रिणीला, हर्मायनीला, तिच्या जन्मावरून घाणेरडी शिवी देतो तो. बाकीच्या गटांनी हॅरी पहिली जादूची छडी विकत घेतो, असे साधे प्रसंग वाचले. २०१५ साली छापून आलेला निष्कर्ष असा, की भेदभावाचे प्रसंग वाचून त्यावर बोललेल्या मुलांची स्थलांतरितांबद्दलची मतं मवाळ झाली. पण सगळ्यांची नाही. ज्यांना मनापासून हॅरीसारखं व्हायचं होतं, त्यांचीच.

उतारे तेच, चर्चा तीच, तरी फरक पडला तो तादात्म्यामुळे. याच संशोधकांनी ब्रिटनमधल्या विद्यापीठीय विद्यार्थ्यांकडेही पाहिलं. हॅरीच्या शाळेत जाण्याचं त्यांचं वय उलटून गेलेलं होतं. तिथे हॅरीशी असलेल्या जवळिकीने तितका फरक पडलेला दिसला नाही. कथेतला खलनायक व्होल्डेमॉर्ट याच्यापासून जे स्वतःला दूर ठेवत होते, त्यांची निर्वासितांबद्दलची मतं अधिक चांगली निघाली. आपण कोण व्हायचं यापेक्षा कोण व्हायचं नाही, हे त्या वयात जास्त महत्त्वाचं ठरत असेल, असं मला वाटतं. दोन्हीकडे माणसं मोजकी होती, आणि दुसऱ्या पाहणीवरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, हे लक्षात ठेवायला हवं.

वाचताना आपण कथेतल्या लोकांत नकळत सामील होतो, याचा एक वेगळा पुरावा शिरा गॅब्रिएल आणि एरियाना यंग यांनी २०११ मध्ये दिला. अमेरिकेतल्या १४० विद्यार्थ्यांपैकी काहींनी अर्धा तास हॅरी पॉटर वाचलं, काहींनी व्हॅम्पायरची कादंबरी. नंतरच्या चाचण्यांत पहिल्यांचा कल स्वतःला जादूगारांशी जोडण्याकडे दिसला, दुसऱ्यांचा व्हॅम्पायरांशी. अर्ध्या तासात एवढं होत असेल, तर तेच पुस्तक पंधरा वेळा वाचणाऱ्या दहा वर्षांच्या मुलात काय होत असेल! हे अर्थात माझं कुतूहल आहे, कुणी ते मोजलेलं नाही.

लहानपणी वाचलेलंच इतकं का टिकतं? मोठ्या माणसांना आयुष्यातल्या आठवणी विचारल्या की साधारण दहाव्या ते तिसाव्या वर्षांदरम्यानच्या आठवणी प्रमाणाबाहेर जास्त निघतात. स्मृतीच्या आलेखावर तिथे उंचवटा येतो. 'मी कोण' हे त्याच काळात ठरत असतं, हे त्याचं एक स्पष्टीकरण.

इथे एक गैरसमज दूर करावासा वाटतो. अद्भुतकथा वाचणारी मुलं भाबडी नसतात. डीना स्कॉलनिक आणि पॉल ब्लूम यांनी २००६ मध्ये दाखवलं, की बॅटमन आणि स्पंजबॉब दोघेही खोटे, हे लहान मुलांना कळतं. शिवाय बॅटमनच्या लेखी त्याचा साथीदार रॉबिन खरा असतो पण स्पंजबॉब खोटा, हेही कळतं! प्रत्येक काल्पनिक जगाची वेस त्यांना ठाऊक असते. म्हणूनच कथेतलं सगळं ती बाहेर आणत नाहीत. खऱ्या जगाशी मिळत्याजुळत्या गोष्टीतून ती जितकं शिकतात, तितकं फार वेगळ्या नियमांच्या गोष्टीतून उचलत नाहीत, असं कॅरन वॉकर, अ‍ॅलिसन गॉपनिक आणि पॅट्रिशिया गानिया यांच्या २०१५ च्या अभ्यासातही दिसलं. 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चे लेखक टॉल्किन यांनी १९३९ च्या व्याख्यानात म्हटलं होतं, की कथाकार एक दुय्यम जग रचतो आणि आत असेपर्यंत त्यातलं सगळं खरं असतं. मुलं या करारात पक्की असतात. कथेतल्या जगाचे नियम ती तिथेच सोडून येतात, माणसं बरोबर आणतात.

आणि लेखक? त्याच्याशीही नातं जुळतं, पण एकतर्फी. डोनल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल यांनी १९५६ मध्ये रेडिओ-टीव्हीवरच्या व्यक्तींबद्दल अशा नात्याचं वर्णन केलं होतं. ते तुटलं तर खरंच लागतं. जोनाथन कोहेन यांनी इस्राएलमधल्या प्रौढांना विचारलं, तुमचं आवडतं टीव्हीवरचं पात्र कायमचं गेलं तर काय वाटेल? जवळच्या माणसांच्या नात्यांत ज्यांना धाकधूक असते, त्यांनीच सर्वांत जास्त दुःखाचा अंदाज सांगितला. मोठेपणी आवडत्या लेखकाची मतं खटकू लागली की अनेकांना तसंच काहीसं होतं. त्यात बालिश काही नाही.

अमेरिकी लेखिका उर्सुला ले ग्विन यांनी मात्र आपल्याच जुन्या पुस्तकातलं खटकणारं तपासण्याचं काम स्वतःच अंगावर घेतलं. १९६८ च्या त्यांच्या 'अ विझर्ड ऑफ अर्थसी'मध्ये नायक गेड तांबूस-तपकिरी कातडीचा होता, पण जादूची विद्या पुरुषांचीच होती आणि बायकांची जादू कमकुवत म्हणून हिणवली जायची. १९९० मध्ये 'तेहानू' ही कादंबरी घेऊन त्या अर्थसीच्या त्याच बेटांवर परतल्या. या वेळी कथा टेनार नावाच्या मध्यमवयीन विधवेच्या नजरेतून येते आणि तिला जुन्या व्यवस्थेत कुणाला जागा नव्हती ते दिसतं. ज्यांनी पहिला भाग दहाव्या वर्षी वाचला होता, ते आता तिशीत होते. त्यांना भेटणाऱ्या गेडची जादू संपलेली आहे आणि तो डोंगरात शेळ्या राखतो आहे.